जैसलमेरच्या किल्ल्याचा ‘कॅमेरा परवाना’

डिसेंबर लागला की आपल्या नागपूरची किती तरी मंडळी राजस्थानकडे निघतात. आमच्या ओळखीतली दोन कुटुंबं येत्या सुट्टीत जैसलमेरला चालली आहेत. त्यांना फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहूनच काढावं असं वाटलं. तिथे जाताना आमची फसवणूक कशी झाली, ते जसं घडलं तसं, रकमांसकट सांगते.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि वीसेक वर्षांपासून किल्ल्यांचे फोटो काढते. नगरधन, गाविलगड, चंद्रपूरचा परकोट हे सगळं पायाखालून गेलेलं. जैसलमेर मात्र राहून गेलं होतं. भाटी घराण्याच्या रावल जैसलने ११५६ साली जुनी राजधानी लोद्रवा सोडून त्रिकूट टेकडीवर बांधलेला हा किल्ला. पिवळ्या वालुकाश्माचे ९९ बुरूज, आणि आत आजही नांदती वस्ती. सकाळी हा दगड फिकट पिवळा असतो आणि संध्याकाळी मधासारखा होतो, असं ऐकून होते. तो बदल मला एकाच दिवशी, एकाच कॅमेऱ्यात टिपायचा होता.

सोबत माझी भाची होती. बाविशीची आहे, फोटो माझ्यापेक्षा चांगले काढते. टॅक्सी करायची नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. भोपाळला गाडी बदलून जोधपूर, आणि तिथून पुढचे पावणेतीनशे-एक किलोमीटर रोडवेजच्या, म्हणजे तिथल्या सरकारी एसटीच्या, बसने. ढाण्या म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्त्या, खेजडीची झाडं, रस्त्यालगतची गावं बघत जायचं. विचार चुकीचा नव्हता, आजही मी बसनेच जाईन.

जोधपूर स्टेशनबाहेर ऑटोत बसलो आणि सरकारी बसस्टँड सांगितलं. ऑटोवाला म्हणाला, “आज तो रोडवेज की हड़ताल है.” इतक्या सहज म्हणाला की शंकाच आली नाही. आपल्याकडे एसटीचा संप झाला तेव्हा महिनोन् महिने हाल झालेले आठवतात ना. त्याने एका खाजगी ट्रॅव्हल्सच्या टपरीसमोर नेऊन सोडलं. तिथल्या माणसाने ‘डायरेक्ट जैसलमेर, एसी’ म्हणत दोन सीटचे १,८०० रुपये रोख घेतले आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली. गाडी नंबर नाही, सीट नंबर नाही. बस आली ती साधीच. पोखरणला पोचलो तर कंडक्टर म्हणाला, गाडी इथपर्यंतच. चिठ्ठी दाखवली तर ती त्याने उलटसुलट बघून परत दिली. जैसलमेर अजून ११० किलोमीटर होतं. आणि आम्ही उभ्या होतो तिथूनच समोरून रोडवेजची बस धूळ उडवत निघून गेली. संप कुठेच नव्हता.

खरी फसवणूक इथून पुढे आहे.

पोखरणच्या स्टँडवर आमची बॅगांची ओढाताण बघून एक तिशीतला माणूस जवळ आला. पांढरा शर्ट, बोलणं मऊ. जोधपूरच्या एजंटला त्याने आमच्या देखत शिव्या घातल्या, पुढच्या बसमध्ये दोन जागा धरून दिल्या, चहा आणला. चहाचे पैसे द्यायला गेले तर हात जोडले. बसचे ३४० रुपये मात्र आमचे आम्हीच दिले आणि तिकीट मशीनमधून निघालेलं होतं, त्यामुळे आता सगळं रुळावर आलं असं वाटलं. तो आमच्या पुढच्याच सीटवर बसला. मी ही गोष्ट मुद्दाम लांबण लावून सांगते आहे, कारण पहिल्या दीड तासात त्याने आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. नुकताच एकाने लुबाडलेला माणूस दुसऱ्याच्या चांगुलपणावर किती पटकन टेकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

बोलता बोलता त्याने हॉटेलचं नाव काढून घेतलं आणि कॅमेऱ्याच्या बॅगेकडे बघून विचारलं, “परमिट बनवा लिया?”

मग त्याने जे सांगितलं त्यातलं निम्मं खरं होतं. किल्ल्याखालचा खडक ठिसूळ आहे, आतल्या हॉटेलांचं आणि घरांचं सांडपाणी झिरपून बुरुजांचा पाया कमजोर झाला आहे, हे खरं आहे. जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या १९९६ च्या यादीत या किल्ल्याचं नाव होतं, हे मी स्वतः वाचलेलं होतं. २०१३ साली राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला, त्यात जैसलमेर आहे, हेही खरं. या खऱ्याला त्याने आपलं खोटं चिकटवलं: म्हणून आता पुरातत्त्व खात्याने कॅमेऱ्याला परवाना सक्तीचा केला आहे. कॅमेऱ्यामागे १,२००, ट्रायपॉडचे ८००. नसेल तर दरवाज्यावर कॅमेरा जप्त. आणि ऑफिस शनिवार-रविवार बंद. तो दिवस शुक्रवार होता, संध्याकाळचे पाच वाजत आले होते.

भाचीने कोपराने ढोसलं. हळूच म्हणाली, “मावशी, मला हा माणूस बरोबर नाही वाटून राहिला. एवढं काहून सांगते आपल्याले?”

मी तिला गप्प केलं. त्याचं कारण सांगते. आपला सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट असे मोजके दिवस तो लोकांना उघडतो, आणि आत कॅमेरा काढायचा तर आधी विचारावं लागतं. किल्ला म्हटला की परवानगी, हे नागपूरच्या माणसाच्या हाडात असतं. त्यातून जैसलमेर सीमेजवळचा जिल्हा. मला ते पटलं. शिवाय आपल्याला हिंदी घरच्यासारखी येते, त्यामुळे हिंदीत आपल्याला कोणी गुंडाळणार नाही अशी एक खात्री मनात बसलेली असते. ती काही कामाची नाही.

त्याने फोन लावला, “भाई, दो कैमरा, एक स्टैंड” म्हणाला आणि मला कोड स्कॅन करायला दिला. ३,२०० रुपये. पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं, ते एका किराणा दुकानाचं होतं. मी ते वाचलं. वाचूनही पिन टाकला. सरकारी फी किराणा दुकानाच्या खात्यात कशी जाईल, हा साधा प्रश्न त्या क्षणी मनात आलाच नाही. याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटतं.

हॉटेलचंही तसंच. आम्ही किल्ल्याबाहेर खोली घेतली होती. तो म्हणाला, ते हॉटेल नगरपालिकेने मागच्या आठवड्यात सील केलं. खात्री करा म्हणून त्याने त्याच्याच मोबाईलवरून ‘हॉटेलला’ फोन लावून दिला. पलीकडचा माणूस म्हणाला, हो मॅडम, सॉरी, बंद आहे. माझा फोन माझ्या हातात होता, त्यात हॉटेलचा नंबर होता. मी तो लावला नाही. रात्री त्याने एका गेस्टहाऊसवर नेलं, २,२०० रुपये रोजाने दोन रात्रींचे ४,४०० आगाऊ भरले. खोलीत चादरी ओलसर होत्या, आणि रात्री दहा वाजता मालक उंटाच्या सफारीचं पुस्तक घेऊन दारात उभा. नको म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. आम्ही दाराला आतून खुर्ची लावून झोपलो. दोघी बायका, परका गाव. ती रात्र मी विसरणार नाही.

परवाना सकाळी दहाला मिळणार होता. जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला, सूर्य आपल्याहून अर्ध्या तासाहून उशिरा उगवतो. नागपुरात पावणेसातला उजाडतं, तिथे डिसेंबरात जवळपास साडेसात वाजतात. गच्चीवरून किल्ला दिसत होता. पहिलं ऊन वरच्या बुरुजांवर आलं, मग खाली खाली उतरत गेलं, आणि मी कॅमेरा बॅगेत ठेवून ते नुसतं बघत राहिले. ज्यासाठी हजारभर किलोमीटरहून जास्त आले होते, ते ऊन पंधरा मिनिटांत संपलं.

दहा वाजता एका पोराने दोन कार्डं आणून दिली. लॅमिनेशन इतकं ताजं की प्लास्टिक बोटांना कोमट लागत होतं आणि कडा एकमेकींना चिकटत होत्या. वर अशोकस्तंभ, खाली जांभळा गोल शिक्का, मधलं नाव वाचताच येणार नाही असं पुसट. ‘पुरातत्व’ एका कार्डावर एका तऱ्हेने लिहिलेलं, दुसऱ्यावर दुसऱ्या. तारीख पेनाने. लाल फीत. आम्ही ती गळ्यात घालून निघालो.

अखै पोल या किल्ल्याच्या पहिल्या दरवाज्यापाशी कार्ड हातात धरून मी खिडकी शोधत होते. तिकिटाची, तपासणीची, कसली तरी. बाजूने एक दूधवाला मोटारसायकलला कॅन बांधून आत गेला. मागून दप्तरं घेतलेली पोरं, एक गाय, भाजीची पिशवी घेतलेली आजी. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. दरवाज्याच्या सावलीत एक म्हातारी वाळवलेली काचरी (तिकडची रानकाकडी) विकत बसली होती. तिला विचारलं, तिकीट कुठे मिळतं? तिला प्रश्नच कळला नाही. “घर जाने का टिकट थोड़े ही होता है,” ती म्हणाली.

या किल्ल्यात माणसं राहतात. दारं, चौक, गल्ल्या सगळ्यांना मोकळ्या आहेत, फुकट. फोटोही काढा. आतल्या राजवाड्याच्या संग्रहालयाला तिकीट आहे, जैन मंदिरांचे आपले नियम आणि कॅमेऱ्याचे पैसे आहेत, ते तिथल्याच खिडकीवर भरायचे आणि पावती घ्यायची. बस, एवढंच. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याने साधे फोटो काढायला वेगळा परवाना लागत नाही. ट्रायपॉडला मात्र परवानगी लागते, आणि तीही खात्याकडूनच मागायची असते. बघा, इथेही त्याने खऱ्याच्या आडोशाला खोटं ठेवलं होतं.

दशहरा चौकात संग्रहालयाच्या खिडकीवरच्या कारकुनाने कार्ड हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि म्हणाला, हे आमचं नाही, कोणाचंच नाही. भाचीने माझ्या गळ्यातली फीत काढली आणि दोन्ही कार्डं पाकिटात जपून ठेवली. “पुरावा आहे मावशी, फेकू नको,” म्हणाली. एका शब्दानेही मला बोल लावला नाही त्या पोरीने.

मग आमच्या मूळ हॉटेलवर गेलो. ते उघडं होतं. मॅनेजरने रजिस्टर उघडून आमचं नाव दाखवलं. रात्री साडेअकरापर्यंत वाट बघून दोनदा फोन केला होता, माझा फोन तेव्हा रेंजमध्ये नव्हता. त्याने गेलेल्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत, आधी चहा-पोहे दिले. बसमधल्या त्या पांढऱ्या शर्टवाल्यासारख्या माणसांना तिथे ‘लपके’ म्हणतात हा शब्द त्याच्याकडून कळला. बसमध्ये, रेल्वेत वाटेतल्या स्टेशनांवरच ते चढतात आणि गाव यायच्या आत गिऱ्हाईक बांधून टाकतात. त्यांच्याविरुद्ध राजस्थानात २०१० पासून कायदा आहे, पर्यटकांसाठी वेगळं सहायता दल आहे. तक्रार फुकट जात नाही, करा, असं त्यानेच बजावलं.

आम्ही केली. दलाचा जवान आमच्यासोबत गेस्टहाऊसवर आला, आणि रात्री दारात उभा राहून आवाज चढवणाऱ्या मालकाने न राहिलेल्या रात्रीचे २,२०० निमूटपणे परत केले. परवान्याच्या ३,२०० साठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती मात्र मी दुपारी नोंदवली, पैसे जाऊन वीस तास झाल्यावर. तासाभरात केली असती तर त्या खात्यातले पैसे अडवता येण्याची आशा जास्त होती. जोधपूरचे १,८०० रोख दिलेले, त्याची दाद कुठे मागणार? एकूण ९,७४० गेले, २,२०० परत आले. ७,५४० चा खड्डा पडला.

जाणाऱ्यांनी एवढं करा. संप आहे, रस्ता बंद आहे असं ऑटोवाल्याने सांगितलं तरी त्याला स्टँडवरच न्यायला लावा, आणि चौकशीच्या खिडकीवर स्वतः विचारा. हॉटेलला फोन तुमच्याच मोबाईलवरून, तुमच्याकडच्याच नंबरावर लावा. हॉटेलचं नाव बसमध्ये कोणाला सांगू नका, ‘नातेवाईक न्यायला येणार आहेत’ एवढंच म्हणा. परवाना, फी, दंड असा शब्द कानावर आला की पैसे रस्त्यात देऊ नका, ऑफिसच्या खिडकीवर देईन म्हणा. पर्यटन मंत्रालयाचा १३६३ हा नंबर चोवीस तास चालतो. आम्ही बसमधून तो एक फोन केला असता तर ते संभाषण तिथेच संपलं असतं. आणि सोबतचं लेकरू ‘बरोबर नाही वाटून राहिलं’ म्हणालं, तर त्याला गप्प करू नका.

रविवारी पहाटे साडेसहाला, अंधारातच, आम्ही दोघी गडीसर तलावावर जाऊन बसलो. थंडीने बोटं वळत नव्हती. सात-पंचवीसच्या सुमारास वरच्या बुरुजांवर ऊन आलं, ते या वेळी मी सोडलं नाही. संध्याकाळचा, व्यास छत्रीकडून घ्यायचा फोटो राहिला, कारण दुपारची गाडी होती.

दोन्ही कार्डं माझ्याकडे आहेत. भाचीने त्यांचे पुढून-मागून फोटो काढून ठेवलेत. जैसलमेरला निघालेल्या कोणाला बघायचे असतील तर सांगा, पाठवते.