टिनवाल्ड डे, आयल ऑफ मॅन: ५ पैकी ४ स्टार

टिनवाल्ड म्हणजे ब्रिटन नि आयर्लंडच्या मधल्या या बेटाची पार्लमेंट, आणि हा तिचा दिवस. आधीच सांगते, नुसती जत्रा बघायला जाणार असाल तर नाही गेलात तरी चालेल. स्टॉल, आइस्क्रीमची गाडी, पोरांचे खेळ, असलं कुठेही मिळतं. सेंट जॉन्स गावाला जायचं ते टेकडीवरच्या कार्यक्रमासाठी, आणि तो चक्क फुकट आहे.

५ जुलैला (वीकेंड आला तर सोमवारी) आख्खी पार्लमेंट राजधानी डग्लस सोडून इथे उघड्यावर येऊन बसते. टेकडी कसली, चार थरांचा हिरवागार उंचवटा, जेमतेम १२ फूट, त्यात बेटाच्या १७ही पॅरिशची (चर्चच्या हद्दीप्रमाणे पाडलेले जुने विभाग) माती आहे म्हणतात. वर गव्हर्नर, बिशप नि कौन्सिलवाले (वरचं सभागृह), खाली कीज म्हणजे निवडून आलेले २४ मेंबर. प्रथा व्हायकिंगांच्या वेळची, १९७९ मध्ये हजार वर्षं साजरी केली. आइसलँडची पार्लमेंट आल्थिंग ९३० ची, म्हणजे जुनी, पण ती १८०० मध्ये बंद पडून चाळीसेक वर्षांनी परत सुरू झाली, त्यामुळे खंड न पडलेली आमचीच असं मॅन्क्स (म्हणजे इथले) लोक ठासून सांगतात. अर्थात १८६६ चा कायदा येईपर्यंत कीज आपले मेंबर आपणच निवडायचे, तेव्हा जुनी लोकशाही वगैरे ऐकून लगेच भारावू नका.

चर्चमधून मिरवणूक निघते, वाटेवर लव्हाळे पसरलेले, प्रत्येकाच्या कोटाला बोलन बेनची डहाळी, आपल्या दवण्याच्याच कुळातली. मग नव्या कायद्यांची नावं आणि थोडक्यात सार आधी इंग्रजीत, मग मॅन्क्स भाषेत वाचतात. रटाळ वाटेल, पण कायदा झाल्यापासून १८ महिन्यांत तो इथे जाहीर झाला नाही तर बादच होतो!

मला सगळ्यात भारी वाटलं ते त्यानंतरचं. साधा माणूसही लेखी गाऱ्हाणं घेऊन टेकडीच्या पायथ्याशी येतो आणि नियमात बसलं तर कुठलाही मेंबर ते पुढे सभागृहात घेऊ शकतो. एक काका कडक इस्त्रीचा सूट घालून, कागद दोन्ही हातात धरून आले, देऊन वाकले आणि गेले, बस.

एक स्टार कापला तो खाण्यासाठी, एका स्टॉलवर थंडगार चिप्स गळ्यात मारले. व्हेज असाल तर डबा न्याच, रेनकोटपण. आणि टेकडीवरून सगळे उतरले की पळू नका, मंडळी परत चर्चमध्ये जाऊन कायदे जाहीर झाल्याच्या दाखल्यांवर पिसाच्या लेखणीने सह्या करतात.