दोन दिवस आधी द्यायची पावडर

घोडीचे नाल काढायचं ठरवलं तेव्हा मी काही अगदीच अडाणी नव्हते. वाचलं होतं, चार लोकांना विचारलं होतं. तरी फसले. तुम्ही घोड्याला बिननाल चालवायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा, कारण मला गंडवणारा माणूस अजूनही हेच करतो आहे.

तो स्वतःला खुरांचा तज्ज्ञ म्हणवायचा. तीन आठवड्यांत घोडी खडीवरून दुडक्या चालीने जाईल, असा शब्द त्याने दिला आणि वर्षभराचे पैसे आगाऊ घेतले. आधीचे आणि नंतरचे म्हणून एका घोड्याचे फोटो दाखवले. ते मी पुढे नीट पाहिले. एका फोटोत मागच्या डाव्या पायाचा पांढरा पट्टा खुराच्या जरासा वर संपतो, दुसऱ्यात तो पार अर्ध्या पायापर्यंत आहे. घोडे दोन होते. त्या दिवशी मात्र मी फक्त खूर पाहिले.

नाल काढताना त्याने खुराच्या भिंतीवर, म्हणजे बाहेरच्या कडक कवचावर, वळवलेली खिळ्यांची टोकं कापलीच नाहीत. पकड लावली आणि ओढलं. खिळ्यांबरोबर भिंतीचे टवकेही निघाले. मग सुरी घेऊन तळवा तासत बसला, अंगठ्याने दाबला की दबेल इतका. ‘आता खूर मोकळा होईल,’ म्हणाला. मधला त्रिकोणी, रबरासारखा भागही त्याने कोरून काढला. खुरातलं हाड आणि जमीन यांच्यामध्ये काय असतं, तर तोच तळवा. तो दीड सेंटीमीटर तरी जाड हवा. नाल काढताना तर तो राखायचा असतो, कारण आता भिंतीबरोबर त्यालाही भार पेलावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी वाट सोडून कडेच्या गवताच्या पट्ट्यावरून चालू लागली. मी घाबरून फोन केला. ‘जुळवून घेतेय, थोडं दुखणारच.’

हे वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणून ते पचतं. नाल काढल्यावर काही दिवस खडीवर घोडा जपून पाय टाकतो, हे खरंच आहे. पण मऊ जमिनीवरही पाय उचलायला नको म्हणणं, पुढचे पाय पुढे ताणून भार मागे घेणं, खूर गरम लागणं, घोट्याच्या मागे बोट ठेवलं की नाडी ठणठण उडणं, याला जुळवून घेणं म्हणत नाहीत. त्या दिवशीच पशुवैद्याला बोलवायचं असतं. मी बोलावलं नाही, आणि हे मला आजही सलतं.

मग आली पावडर. जडीबुटीची, खूर कडक करणारी, असं सांगितलेली. डब्यावर लेबल नव्हतं. ती रोज द्यायची नाही, तो यायच्या दोन दिवस आधी सुरू करायची! तो यायचा तेव्हा घोडी छान चालायची, आणि तो माझ्याकडूनच व्हिडिओ काढून घ्यायचा. चार दिवसांनी पुन्हा लंगडणं सुरू. तिसऱ्या खेपेला मी पावडर द्यायला विसरले. घोडी ठाणावरून हलेना. तो माझ्यावरच उखडला, पण तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

पशुवैद्याने एक्स-रे काढला. तळवा फारच पातळ झालेला. पावडर तपासायला पाठवली, तर त्यात फिनाइलब्युटाझोन निघालं. घोड्यांना देतात तेच वेदनाशामक. पशुवैद्याच्या देखरेखीखाली ते उपयोगाचं आहे, पण न मोजता देत राहिलं तर पोटात आणि आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंडाला इजा होते. मी ते स्वतःच्या हाताने तिच्या चाऱ्यात कालवत होते.

एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात असती तर तेव्हाच शंका आली असती. खूर वरून, केस संपतात त्या कडेपासून वाढतो, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. पुढची पूर्ण भिंत नवी यायला 9 ते 12 महिने लागतात. आधीच वाढून खाली आलेलं कवच मेलेलं असतं, पोटातून दिलेल्या कशानेही ते सुधारत नाही. मग दोन दिवसांत चाल सुधारली म्हणजे खूर सुधारला नाही, दुखणं दाबलं गेलं.

उरलेले पैसे मागितल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. तपासणीचा अहवाल आणि ते व्हिडिओ जोडून मी तक्रार दिली आहे.

आता पशुवैद्याच्या ओळखीचा एक नालबंद दर चार-पाच आठवड्यांनी येतो. तळव्याला सुरी लावत नाही, फक्त भिंतीची कड कानशीने गोल करतो. बाहेर नेताना घोडीला गादी घातलेले बूट असतात. त्यांचं माप त्याने खूर घासल्यावर लगेच घेतलं होतं. खुराकातलं धान्य आणि गोड कमी केलं आहे. खुरावर एक आडवी रेघ दिसते, तिच्या वरचा भाग घट्ट आणि गुळगुळीत आहे. ती रेघ आता निम्म्यावर आली आहे. काल घोडी बुटांशिवाय खडीचा तुकडा ओलांडून गेली. पुढचा उजवा पाय मात्र अजून जपूनच टाकते.