‘पुण्याच्या हवेला रुळलेला’ ॲक्सोलॉटल

मार्चमध्ये शहरातल्या एका विक्रेत्याकडून साडेचार हजार रुपयांना मी ॲक्सोलॉटल घेतला. लेकीने सहा महिने हट्ट धरला होता. विक्रेता त्याला ‘चालणारा मासा’ म्हणत होता. तो मासा नाही, सॅलमँडर आहे, म्हणजे बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला उभयचर, मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को तलावाच्या थंड पाण्यातला, एवढं मी वाचलं होतं. म्हणून पहिला प्रश्न उन्हाळ्याचाच विचारला. तो म्हणाला, "दादा, याच्या तीन पिढ्या इथेच झाल्यात. पुण्याच्या हवेला रुळलाय. पाणी गार करणारा चिलर नको, काही नको, टाकीवर एक पंखा सोडा."

हे वाक्य तुम्हाला कोणी ऐकवलं तर तिथूनच परत फिरा. या जिवाला 16 ते 18 अंशांचं पाणी लागतं. 24 च्या वर पाणी सतत राहिलं की त्याची भूक मरते, पिसांसारख्या कल्ल्यांवर बुरशी धरते. तीन पिढ्या टाकीत वाढला म्हणून ही गरज बदलत नाही. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, हे खरं. पण एप्रिलच्या दुपारी आमच्या टाकीतलं पाणी 31 वर गेलं होतं, तिथे दोन-तीन अंशांनी काय होणार?

पहिले काही दिवस तो गांडुळं आवडीने खायचा. मग खाणं थांबलं, कल्ले पुढे वळले, शेपटीचं टोक आकड्यासारखं झालं. विक्रेत्याला फोन केला तर "नवी जागा आहे, रुळेल", आणि वर सहाशे रुपयांचं निळं औषध. लेक शाळेतून आली की बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडत बसायची. त्यानेही पाणी एकदम गार, एकदम गरम होत राहिलं, आणि तो त्रास वेगळाच.

शेवटी टेस्ट किट आणलं. प्राण्याच्या विष्ठेतून पाण्यात साठणारा विषारी अमोनिया 2 पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) निघाला, जो शून्य असायला हवा. ‘तयार टाकी’ म्हणून विक्रेत्याने जी विकली, तिच्यात बॅक्टेरियाची बाटली ओतून त्याच संध्याकाळी प्राणी सोडायला सांगितलं होतं. फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे ते जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकी प्राण्याशिवायच चालवायची असते. सोबत दिलेली रंगीत खडीही घातकच. ॲक्सोलॉटल तोंड उघडून घास पाण्यासकट ओढून घेतो, त्यात खडे पोटात जातात. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा पोटात तीन दिसले. दोन दिवसांनी तो गेला. लेकीने त्याला कुंडीतल्या मोगऱ्याखाली पुरलं.

मला मिळालेलं लॅमिनेट केलेलं ‘सर्टिफिकेट’ म्हणजे शिक्का मारलेली दुकानाची पावती होती. ॲक्सोलॉटल साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. ही चौकशी मी पैसे देण्याआधी करायला हवी होती. नोंदणी क्रमांक मागितला त्या दिवशी विक्रेत्याने माझा नंबर ब्लॉक केला.

घ्यायचाच असेल तर विक्रेत्याकडे मे महिन्यात, भर दुपारी जा. त्याच्या टाकीत स्वतःचा थर्मामीटर बुडवा. गेल्या आठवड्यात माझ्या विक्रेत्याची नवी जाहिरात पाहिली: पिल्लं, साडेतीन हजार, ‘पुण्याच्या हवेला रुळलेली’.