भिंतीतील मोहोळ आणि तीन मिलिमीटरची जाळी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

घराच्या भिंतीत मधमाश्या शिरू नयेत म्हणून बारीक पोलादी जाळी घ्यावी का, असे कोणी विचारल्यास मी होकारच देईन. परंतु ती कधी बसवायची हे चुकले तर उपायापेक्षा अपायच अधिक होतो आणि मी नेमके तेथेच चुकलो होतो.

आमच्या अडगळीच्या खोलीच्या बाहेरील भिंतीत जुना पाइप काढल्यावर एक भोक उरले होते. त्यातून आत जाऊन मधमाश्यांनी पोळी बांधली होती. सुरुवातीस पुदिन्याच्या तेलाचा फवारा मारून पाहिला. वास टिकला तोवर, म्हणजे जेमतेम तासभर, माश्या थोडा वळसा घालून ये-जा करत राहिल्या. पुढे फरक पडला नाही. मग वैतागून ते भोक सिलिकॉनने बुजवले. आत कोंडलेल्या माश्यांना विजेच्या बोर्डामागील फटीतून उजेड दिसला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या खिडकीवर त्यांचा अक्षरशः थर बसला होता. सिलिकॉन खरवडून भोक पुन्हा मोकळे करण्याखेरीज मार्ग उरला नाही.

त्यानंतर जाळी आणली आणि तिचा पहिला उपयोग दार बंद करण्यासाठी नव्हे, तर बाहेर जाण्याची एकेरी वाट म्हणून केला. जाळीचा शंकू करून त्याचे रुंद तोंड भोकावर पक्के बसवायचे आणि टोकाशी एका माशीपुरतीच वाट ठेवायची. बाहेर पडलेल्या माशीला परतताना ते टोक सापडत नाही. ती भोकाचा वास येईल तेथे, म्हणजे शंकूच्या बुडाशी, घुटमळत राहते. युक्ती चालते, पण कमालीची संथ आहे. कामकरी माशी अंड्यापासून पूर्ण वाढ होऊन बाहेर येण्यास सुमारे 21 दिवस घेते, त्यामुळे जुन्या माश्या गेल्या तरी आतून नव्या येतच राहतात आणि राणीमाशी सहसा जागा सोडत नाही. पाच आठवड्यांनंतर वर्दळ बरीच ओसरली होती, तरी भिंतीला कान लावला की आतील गुणगुण ऐकू येत असे. अखेर अनुभवी मधपाळाला बोलावून भिंत उघडावी लागली. त्यांनी धूर देऊन, अंडी-अळ्यांची पोळी चौकटींत बांधून, राणीसह वसाहत पेटीत घेतली. पेटी भोकाजवळ सायंकाळपर्यंत ठेवली आणि चरायला गेलेल्या माश्या परतल्यावर नेली. हेच आधी केले असते तर पाच आठवडे वाचले असते.

पोळी आतच राहू देऊ नयेत, हे मात्र मुद्दाम सांगतो. राखण करणाऱ्या माश्या नसल्या की मेण उन्हाने मऊ पडते, मध झिरपतो, मुंग्या आणि मेणकिडे येतात. विषारी फवारणी केलेल्या पोळ्यातील मध दुसऱ्या वसाहतींतील माश्या लुटून नेतात, तो धोका वेगळाच. आम्ही पोकळी खरवडून धुतली, वाळल्यावर भरून घेतली आणि त्यानंतरच घराच्या सर्व झरोक्यांवर जाळी लावली.

जाळीचे छिद्र तीन मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे. मी प्रथम आणलेली सहा मिलिमीटरची जाळी माश्यांनी सहज पार केली. नायलॉनची जाळी एका झरोक्यावर लावली होती. ती उन्हाने कडक होऊन चार महिन्यांत कडेने फाटली. जस्ताचा मुलामा असलेल्या जाळीच्या कापलेल्या कडा स्नानगृहाच्या झरोक्याशी गंजू लागल्या आहेत, म्हणून ओलसर जागी गंजरोधक पोलाद घेणेच बरे. आणखी एक तक्रार अशी की हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यापुढील जाळीत धूळ आणि जळमटे इतकी अडकतात की दर महिन्याला ब्रश फिरवावा लागतो.

अंगणातील गळक्या नळाभोवती होणारी गर्दी जाळीने कमी होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या माश्या पाण्यासाठी येत होत्या. दूरच्या कोपऱ्यात खडे घातलेल्या उथळ भांड्यात पाणी ठेवले, तरी पहिले काही दिवस त्याकडे एकही फिरकली नाही. म्हणून नळ तसाच गळता ठेवून वाट पाहिली आणि भांड्यावर ये-जा सुरू झाल्यावरच तो दुरुस्त केला. भांडे एक दिवसही कोरडे राहिले की मंडळी पुन्हा नळावर हजर.

खरी परीक्षा आठव्या महिन्यात झाली. काही शोधक माश्या दोन दिवस झरोक्यांशी घिरट्या घालत होत्या आणि तिसऱ्या दिवशी झाडाच्या फांदीवर थव्याचा मोठा गोळका लटकला. अशा थव्याला राखायला पोळे वा पिल्ले नसल्याने तो सहसा शांत असतो, म्हणून मुलांना आत ठेवण्यापलीकडे काही केले नाही. दीड दिवसाने थवा उडून गेला; झरोक्यांतून एकही माशी आत आली नव्हती.

या काळात मला एकदाच डंख झाला. नांगी नखाने लगेच काढली, कारण ती रुतून राहिली की तिच्यासोबतची पिशवी विष सोडतच राहते. डंखानंतर ज्याला धाप लागते किंवा ज्याचा चेहरा सुजतो त्याने तडक रुग्णालय गाठावे. भिंतीतील पोळ्याला हात लावण्याचे काम तर त्याने करूच नये.

विजेच्या मीटरच्या पेटीखालील एक फट अजून उघडी आहे. तेथे या आठवड्यात जाळी बसेल.