चवथ ते शिगमो: सात महिने एका नव्या ॲपवर

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या दिवशी हे सोशल मीडिया ॲप डाउनलोड केलं, शिगमो (आमचा शिमगा) आटोपल्यावर काढून टाकलं. नाव लिहीत नाही, कारण ॲप वाईट नव्हतं. जाहिराती नाहीत, पोस्टी ज्या क्रमाने पडतात त्याच क्रमाने दिसतात, देवनागरीही नीट उमटते. पाचपैकी तीन देईन.

पहिल्याच दिवशी माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचा, फोटो टाकला. तोरिंजन, कवंडळं, सुपारीचे घोस, सगळं स्वच्छ दिसत होतं. संध्याकाळपर्यंत दोन लाइक, त्यातला एक ॲपच्याच अधिकृत खात्याचा! तोच फोटो व्हॉट्सॲपवर टाकला तर दहा मिनिटांत मावशी हजर: 'तोरिंजन खंय मेळ्ळें रे?' (ते फळ कुठे मिळालं?)

मावशीला तिकडे बोलावलं. 'परत पासवर्ड?' म्हणाली, विषय संपला.

खरी मजा आली ती जत्रेच्या नाटकाच्या तालमी चालू असताना. दिग्दर्शकाने हट्टाने आम्हा अकराही जणांना तिथे ओढलं. कुणाचं वाक्य कुठे पडलं, प्रॉम्प्टर कितीदा डुलकला, यावर रात्री बारापर्यंत कलकलाट. माणसं अकराच, पण सगळी एकमेकांची. फेसबुकसुद्धा २००४ मध्ये आधी हार्वर्डपुरतंच होतं, मग एकेक कॉलेज धरत वाढलं. आमचं पुढे काही वाढलं नाही. नाटक झालं, रंग उतरला, आठवड्याभरात गट ओस.

गूगलकडे पैशाची वाण होती का? तरी २०११ मध्ये आलेलं त्यांचं सोशल नेटवर्क गूगल प्लस सामान्य लोकांसाठी २०१९ मध्ये बंद झालं. आपल्या भाषा घेऊन २०२० मध्ये उतरलेल्या 'कू' या देशी ॲपने जुलै २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. इन्स्टाग्रामवाल्यांच्याच थ्रेड्सने २०२३ मध्ये पाच दिवसांत १० कोटी खाती जमवली खरी, पण ती माणसं इन्स्टाग्रामच्या अंगणात आधीच बसलेली होती, फक्त मधलं दार उघडायचं होतं.

आमच्या ॲपकडे असं अंगण नव्हतं. म्हणून ते फोनमधले सगळे नंबर मागत राहिलं. मी दिले नाहीत. थोडा दोष माझाही. शेवटी शेवटी तर 'तुमची आठवण येते' अशी नोटिफिकेशन रोज सकाळी. कुणाला येते, बाबा?

काढताना कळलं, आपले फोटो एकगठ्ठा उतरवून घ्यायची सोयच नाही. मधल्या काळात फोनही बदललेला. माटोळीचा तो फोटो मावशीकडे मागितला. लगेच पाठवला, खाली तोच प्रश्न. मी अजून उत्तर दिलं नव्हतं.