शिबिरासाठी खो-खो की लगोरी?

गुहागरच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळू घट्ट झाली की दोन्ही खेळ छान रंगतात. पण मुलांना एकमेकांवर विसंबायला शिकवायचं असेल, तर माझा कौल खो-खोला.

खो-खोत पाठलाग करणारे नऊ जण. आठ आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसतात, एक धावतो. धावणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, दिशाही वाटेल तेव्हा बदलता येत नाही. म्हणजे कितीही चपळ असला तरी "हा गडी आता तू पकड" असं मान्य करून खो द्यावाच लागतो. हट्टाने एकटाच धावत राहिला, तर संघाचा वेळ फुकट जातो. आपली मर्यादा सगळ्यांसमोर कबूल करायची सवय इथे आपसूक लागते.

लगोरीला जांभ्याचे सात चपटे तुकडे आणि एक चेंडू पुरे. रचणारा कोण, चेंडू चुकवत समोरच्यांना हुलकावणी देणारा कोण, हे भरभर बोलून ठरवावं लागतं. त्यामुळे बुजरी मुलंही बोलती होतात. नवख्या मुलांसाठी पहिल्या दिवशी लगोरीच घ्या. मात्र नेम चांगला असलेली दोघं-तिघंच खेळ ताब्यात घेतात, म्हणून फोडणारा दर डावाला बदला.