चेहऱ्याच्या झटक्यांवर बोटॉक्स: वर्षभर घेतल्यावर

बोटॉक्स म्हटलं की लोकांना नट्यांची कपाळं आठवतात. मी घेते ते डाव्या गालाच्या झटक्यांसाठी. सुरुवातीला नुसता डोळा लवायचा. बाईचा डावा डोळा, म्हणून सासूबाई खूश! मग गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागला, तेव्हा एमआरआय केला. मेंदूच्या बुडाशी एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर टेकलेली निघाली. ऑपरेशनला मन धजेना, म्हणून इंजेक्शन.

नस असिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते आणि स्नायू आकसतो. बोटॉक्समधलं विष ते सुटूच देत नाही. रक्तवाहिनी जागच्या जागी, त्यामुळे असर ओसरला की झटके परत. साधारण तीन-चार महिने मिळतात. सुई इन्शुलिनच्या सुईसारखी बारीक, तरी पापणीजवळ टोचताना डोळ्यात टचकन पाणी येतं. त्या दिवशी फरक शून्य. दोन-चार दिवसांनी झटके विरळ होतात, पंधरवड्यात गाल गप्प. फोटोत दोन्ही डोळे उघडे दिसतात, हे सुख ज्याचं त्यालाच कळेल.

एकदा दुसऱ्या ठिकाणी घेतलं, तिथे हात सढळ होता. पापणी अर्ध्यावर उतरली, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचं, चहावर फुंकर घालता येईना. भिनलेला असर उलटवणारं औषध नाही. काही आठवडे तसेच काढले.

१९८९ साली अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या झटक्यांसाठी. भुवयांमधल्या आठ्यांचा नंबर २००२ मध्ये लागला. आता मात्र 'लंच ब्रेकमध्ये बोटॉक्स'च्या जाहिराती बघून अंगावर काटा येतो. बिघडलेल्या डबाबंद अन्नातून माणूस दगावतो ते हेच विष. बाटलीत ते ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजावं लागतं. क्वचित ते टोचल्या जागेपासून दूर पसरतं, तेही काही वेळा आठवड्यांनंतर. गिळायला, बोलायला किंवा श्वासाला त्रास झाला तर फोन करत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. मायस्थेनिया (स्नायू लवकर थकून दुबळे पडण्याचा आजार) असेल, गरोदर असाल किंवा जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर आधीच सांगा.

आणि खर्चाच्या आधी ब्रँड विचारा. बोटॉक्सचं युनिट आणि डिस्पोर्टचं युनिट सारखं नसतं, आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही. मी आता बाटली समोर फोडायला लावते आणि ब्रँड, युनिट, टोचलेल्या जागा फाइलवर लिहून घेते. डॉक्टर कुरकुरतात, पण देतात लिहून.